बाळंतिणीची पिशवी सातव्या महिन्यातच भरून ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यात साखळीजवळच्या एका गावात राहते आणि बरीच वर्षे घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे युनिफॉर्म सगळेच शिवते, पण आमच्या भागात मला ओळखतात ते झबली-टोपडी शिवणारी काकी म्हणून. त्यामुळे कुणाच्या घरी बाळ येणार ते मला लवकर कळते आणि बाळंतपणाला सोबत हवी असली की बोलावणेही मलाच येते. साखळी, म्हापसा, बांबोळी, तिन्हीकडच्या इस्पितळांत वॉर्डांबाहेरच्या बाकड्यांवर मी रात्री काढल्या आहेत. तिथे जे पाहिले त्यावरून एकच गोष्ट सांगायची आहे. बाळंतिणीची पिशवी सातव्या महिन्यात, ओटी भरली की त्याच आठवड्यात भरा आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.

आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत मानतात की मूल होण्याआधी त्याच्यासाठी काही शिवू नये, घेऊ नये, दृष्ट लागते. बायका कापड आणून देतात आणि बजावतात, "काकी, इतक्यात कात्री लावू नका हां, मोकळी झाली की कळवतो." मग मूल होते आणि रात्री अकरा वाजता नवरा दारात उभा राहतो: "काकी, तयार असतील तर दोन झबली द्या, काहीच नेलेलं नाही." त्या समजुतीला मी नावे ठेवत नाही. ज्या घरांनी तान्ही मुले हातची गेलेली पाहिली, त्या घरांतून ती आली आहे. माझ्या आजीच्या वेळी तर घरोघरी अशी एखादी आठवण असायची.

पण त्याच आजीची तयारी मी लहानपणी पाहिली आहे. बाळंतपण घरच्या खोलीत व्हायचे. सुईणीला बोलावणे जाण्याच्या कितीतरी आधी वापरून मऊ झालेल्या नऊवारीचे तुकडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, घड्या घालून एका गाठोड्यात बांधलेले असत. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाजवळ सुकी लाकडे रचलेली असत. ओवा, बाळंतशोपा निवडून डब्यात भरलेल्या असत. कुणी त्याचा गाजावाजा करत नसे, पण ऐनवेळी शोधाशोध करायची पाळी आजीने कुणावर आणली नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना मी एवढेच सांगते, की पाळणा, वाळे, बिंदल्या, नवी कुंची हे सगळे सटी झाल्यावर बारशाला आणा, मन मानत नसेल तर मुळीच आधी आणू नका. मऊ, धुतलेले कापड मात्र पहिल्या मिनिटाला लागते, ते थांबत नाही.

पहिल्या मिनिटाला म्हणजे खरोखरच पहिल्या मिनिटाला. मूल ओले जन्मते. ओल्या अंगाची ऊब झपाट्याने उतरते आणि एवढ्याशा जिवाला ती परत मिळवता येत नाही. म्हणून सिस्टर दोन कापडे मागतात. एकाने बाळ पुसून कोरडे करायचे आणि ते ओले झालेले कापड लगेच बाजूला टाकायचे. मग बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुसरे कोरडे कापड घालायचे. डोक्याला टोपडे हवेच, कारण तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि ऊब तिथूनच जास्त जाते. ही दोन कापडे आणि एक टोपडे पिशवीत सगळ्यात वर, वेगळ्या स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. शेजारच्या वाड्यावरची एक मुलगी, पहिलटकरीण, तारखेला अजून तीन-एक आठवडे होते. रात्री पाणी गेले. बाहेर धो धो पाऊस आणि लाईट गेलेली. घरच्यांनी मेणबत्तीच्या उजेडात कपाटातून हाताला लागेल ते दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबले आणि मला वाटेत गाडीत घेतले. इस्पितळात तिला लगेच आत नेले. थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आल्या, "बाळाचं कापड द्या." मी पिशवी उघडली तर आत तिच्या दोन नव्या साड्या, एक चादर, पावडरचा डबा आणि बाजारातून आणलेला लेसवाला फ्रॉक. कोरडे, मऊ असे एकही कापड नाही. दुसरी पिशवी गाडीत राहिलेली आणि गाडी लावायला गेलेला दीर फोन उचलेना. शेजारी बसलेल्या बाईने, तिची स्वतःची सून अजून आतच होती, आपल्या पिशवीतली दोन दुपटी काढून माझ्या हातात दिली. ती दोडामार्गकडची होती. नंतर पत्ता विचारून मी तिला नवी चार शिवून पाठवली. पण अशी बाई प्रत्येक वेळी शेजारी बसलेली असेलच असे नाही.

कपड्यांबद्दल चार शब्द जास्त लिहिते, कारण हे माझे रोजचे काम आहे आणि लोक पैसे घालून नको ते आणतात. झबले मलमलचे किंवा जुन्या सुती साडीचे शिवावे. ते पुढून पूर्ण उघडणारे हवे, म्हणजे डोक्यावरून घालावे लागत नाही. तान्ह्याची मान धरत नाही, गळ्यातून ओढून कपडा घालणे नव्या आईला जमत नाही आणि तिला भीतीही वाटते. बटण नको, हूक नको, टिचबटण तर मुळीच नको. दोन बाजूंना बंद, तेही आखूड, गाठ मारून बोटभर उरतील एवढेच. मी शिवण बाहेरच्या अंगाला ठेवते. उलटे शिवले असे पाहणाऱ्याला वाटते, पण टाक्यांची कड बाळाच्या काखेत घासत नाही. लेस, जर, नायलॉनची झालर घरी फोटोसाठी ठेवा. हातमोजे-पायमोजे विकत आणले तर ते आधी उलटे करा आणि आतले सुटलेले धागे कापून टाका. असा धागा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडते. बाळ रडत राहते आणि मोजा काढून पाहायचे कुणाला सुचत नाही.

नवे कापड तसेच नेऊ नये. त्यात खळ असते. साध्या साबणाने धुवायचे, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचे, उन्हात वाळवायचे, इस्त्री फिरवायची. सुगंधी लिक्विड नको.

आणि डांबरगोळ्या. यावर मी हात जोडून सांगते. आपल्याकडची हवा दमट. बुरशी लागू नये, झुरळ लागू नये म्हणून प्रत्येक घरात ट्रंकेत, कपाटात या पांढऱ्या गोळ्या असतात. मोठ्या भावंडाची झबली, आजीची शाल, जपून ठेवलेली गोधडी सगळे त्याच वासातले. बाळंतपण आले की तीच ट्रंक उघडतात आणि कौतुकाने बाळाला त्यात गुंडाळतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो, डॉक्टर त्याला जी-सिक्स-पीडीची कमतरता म्हणतात. वरून बाळ अगदी ठणठणीत दिसते. अशा बाळाच्या अंगाला या गोळ्यांचा अंश लागला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ इतकी चढते की मेंदूला इजा होऊ शकते. आपले बाळ त्यातले आहे की नाही हे कपडे घालताना कुणाला ठाऊक असते? म्हणून ट्रंकेतले कपडे बाळासाठी नकोतच. घ्यायचेच असतील तर महिना-दीड महिना आधी काढा, पुन्हा पुन्हा धुवा, उन्हात टाका, वास पूर्ण गेला तरच वापरा. ऐनवेळी पिशवी भरणाऱ्याला हे करायला वेळच नसतो. सातव्या महिन्याचा आग्रह मी धरते त्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण पाऊस. जून ते सप्टेंबर लंगोट वाळत नाहीत हे गोव्यातल्या कुठल्याही आजीला विचारा. उन्हाळ्यात डझनभर लंगोट पुरतात, पावसात दोन डझन लागतात, कारण निम्मे सदैव दोरीवर ओलेच. इस्पितळात वाळत घालायला जागाही नसते, म्हणून तिथल्या दिवसांपुरते डायपरचे एक लहान पाकीट घेतले तर काही बिघडत नाही. तेही नवजात बाळाच्या मापाचे. लंगोट बांधताना नाळेच्या खाली बांधायचा आणि नाळ उघडी, कोरडी ठेवायची. तिला तेल, हळद, पावडर, राख काहीही लावायचे नसते. ती आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप सुकून पडते. बाकी बाळासाठी सहा-आठ झबली, तितकीच दुपटी, दोन-तीन टोपडी, एक जाड पण हलके पांघरूण आणि खाली घालायला एक रबरी कापड पुरे. साबण, तेल, डाळीचे पीठ न्यायची गरज नाही, कारण पहिल्या दिवशी बाळाला न्हाऊ घालतच नाहीत. निदान चोवीस तास थांबायला सांगतात.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. घरचे लोक पिशवी भरतात ती सगळी बाळाची. बाळाला आठ फ्रॉक आणि आईला काहीच नाही. जिच्या अंगातून एवढे रक्त जाते, तिच्यासाठी एक साधे पॅडचे पाकीट कुणी टाकत नाही. दुकानात जाऊन मागायला नवऱ्याला लाज वाटते, सासूला ते खर्चिक वाटते आणि मुलगी स्वतः बोलत नाही. बाळंतपणानंतरचे रक्त पहिले काही दिवस खूप असते आणि थोडे थोडे चार ते सहा आठवडे जात राहते. साध्या पॅडने ते आवरत नाही. मोठ्या आकाराची, बाळंतिणीसाठी मिळतात ती पॅड घ्या, दोन पाकिटे तरी. ती परवडत नसतील तर स्वच्छ, उन्हात वाळवलेल्या सुती कापडाच्या जाड घड्या भरपूर करून द्या. निकर एक माप मोठ्या आणि कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या घ्या, म्हणजे सिझर झाले तर इलॅस्टिक टाक्यांवर येत नाही. गाऊन गडद रंगाचे, सुती, पुढून उघडणारे, तीन-चार. बाही सैल हवी, कारण हाताला सलाईनची सुई असते आणि घट्ट बाहीतून हात काढताना ती हलून मुलगी कळवळते. मी आता बाळंतिणीच्या गाऊनला खांद्यापासून कोपरापर्यंत बंद लावून देते. साडी नको. उठता-बसता तिच्याने ती सावरत नाही.

बाळंत झाल्यावर अंगाला हुडहुडी भरते, कितीही उकाडा असला तरी. मुलगी थरथरायला लागते आणि घरचे घाबरतात. एक शाल आणि पायमोजे हाताशी असू द्या. न घसरणाऱ्या रबरी चपला, कंगवा, केस बांधायचे दोरे, दात घासायचे सामान, टॉवेल, स्टीलचा पेला आणि चमचा हेही हवे. सिझरनंतर काही तास उताणे पडून राहावे लागते, तेव्हा पाणी प्यायला वाकणारी स्ट्रॉ फार उपयोगी पडते. एवढी लहान वस्तू, पण रात्री दोन वाजता मिळत नाही.

घरून काय न्यायचे नाही हेही लिहिते. सोने नेऊ नका. सिझरला नेताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळे काढून देतात आणि मग ते सांभाळत बसायची जबाबदारी सोबतिणीवर. हिरवा चुडा असेल तर आधीच घरी मोठ्यांना विचारून काय करायचे ते ठरवा, ऑपरेशनच्या दारात रडारड नको. नखांचा रंग काढून जा, कारण बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात आणि रंगाने तो नीट मोजला जात नाही. दुधाची बाटली, दुधाच्या पावडरचा डबा, मध, गुटी यातले काहीही पिशवीत नको. पहिल्या तासात आईच्या अंगावर पाजायचे असते. ते पहिले पिवळसर दूध थोडेसेच असले तरी बाळाला पुरते. डबा पिशवीत असला की बाळ पहिल्यांदा रडले की कुणीतरी तो उघडतेच. बाळाच्या डब्यातल्या दुधाच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेला लावू नये. त्यातून होणारा आजार दुर्मीळ असला तरी बाळाचे स्नायू लुळे पाडणारा आहे. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत आमच्याकडेही होती. वर्ष झाल्यावर चाटवा, देवाला ते चालते.

खाण्याचे ओझेही फार नको. सरकारी इस्पितळात बाळंतिणीला जेवण मिळते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त हे सारे मोफत आहे. नेहमीच्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत जेवण, शिवाय येण्याचे आणि घरी सोडण्याचे वाहन त्यात येते. हे अनेकांना माहीत नसते, म्हणून लोक डबे, स्टोव्हचे सामान, पाण्याचे कॅन घेऊन येतात आणि कामाच्या वस्तू घरी राहतात. डॉक्टर हो म्हणाले की थर्मासमधून उकड्या तांदळाची पेज न्या, मुलीला ती गोड लागते. आळिवाचे लाडू, मेथी, नाचणीचे तिजण हे घरी आल्यावर.

कागदांची फाईल ही पिशवीइतकीच महत्त्वाची. तपासणीचे माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, नवरा-बायकोची आधारकार्डे, राहण्याचा पुरावा, बँकेचे पासबुक, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचे कार्ड असेल तर ते. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. सगळे पाणी न लागणाऱ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मुलीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर लिहा. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर आईला ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते आणि त्यावर पुढच्या मुलाची सुरक्षितता अवलंबून असते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी बेळगावहून किंवा सावंतवाडीहून सातव्या-आठव्या महिन्यात येते आणि फाईल सासरच्या कपाटात राहते. मग इथे डॉक्टर विचारतात, "शुगर किती होती? थायरॉईडची गोळी कितीची?" आणि कुणालाच सांगता येत नाही. ओटी भरून मुलीला आणायला जाल तेव्हा आधी फाईल ताब्यात घ्या, मग नारळ-तांदूळ. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. आई-वडिलांची नावे आधारवर जशी आहेत तशीच, त्याच स्पेलिंगमध्ये एका कागदावर लिहून फाईलीत ठेवा. इस्पितळात फॉर्म भरून घ्यायला येतात तेव्हा बाप बाहेर असतो, आजोबा आठवेल तसे सांगतात आणि मग ती चूक दुरुस्त करायला मुलगा शाळेत जाईपर्यंत खेटे घालावे लागतात.

आता आपल्या भागाची खास अडचण. सत्तरीतून, डिचोलीतून, पेडण्यातून, तिकडे धारबांदोडा-काणकोणातून मुलगी आधी जवळच्या केंद्रात जाते आणि काही गुंतागुंत दिसली की तिला जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पाठवतात. पाठवतात ते तिच्या भल्यासाठीच. पण १०८ मध्ये एकच सोबतीण बसते. बाकीचे मागून येतात आणि पिशवी बहुतेक वेळा त्यांच्याच गाडीत राहते. कधी बाळ कमी वजनाचे असते, श्वास लागत असतो, तेव्हा बाळाला नवजात विभागात नेतात आणि आई दुसऱ्या वॉर्डात, प्रसंगी दुसऱ्या इस्पितळातही असते. अशा वेळी एकच भली मोठी पिशवी कुणाजवळ राहणार? म्हणून मी नेहमी दोन शिवून देते, वेगवेगळ्या रंगांच्या. एक बाळाची, लहान, खांद्याला अडकवता येणारी. एक आईची. कागदांची फाईल तिसरी, ती सोबतिणीच्या हातात, पिशवीत नाही. दोन्ही पिशव्यांवर रंगीत दोऱ्याने आईचे नाव आणि गाव भरते. वॉर्डात सारख्याच दिसणाऱ्या पिशव्यांची रांग असते, नाव असले की सिस्टरलाही सोपे जाते.

सोबतिणीबद्दलही लिहिले पाहिजे. कळांच्या वेळी बाईजवळ तिच्या नात्यातली, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली एक बाई असावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिल्या आहेत. ती बाई कोण, हे आधी ठरलेले असावे. जावांत, विहिणींत त्यावरून दारात वाद झालेले मी पाहिले आहेत आणि आत मुलगी एकटी कण्हत होती. जी जाणार तिने आपली रक्तदाबाची, साखरेची गोळी, एक जोडी धुतलेले कपडे, चटई, चादर, सुटे पैसे आणि मोबाईलचा चार्जर वेगळ्या पिशवीत ठेवावा. चार महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहावे. मोबाईल बंद पडला की कुणाचाही नंबर पाठ नसतो.

आणि नवऱ्यांनो, पिशवी भरताना तुम्ही तिथे बसा. एकदा सगळ्या वस्तू हाताने आत ठेवा, म्हणजे "ती निळी टोपडी काढ" म्हटले की तुम्हाला सापडेल. पॅडचे पाकीट तुम्हीच दुकानातून आणा. आठवा लागला की गाडीत पेट्रोल नेहमी असू द्या. पावसात रस्त्यावर झाड पडले तर दुसरी वाट कुठली ते दिवसाउजेडी एकदा पाहून या. चतुर्थीच्या आसपासची तारीख असेल तर आणखी आधी तयारी करा, कारण त्या आठवड्यात दुकाने बंद, माणसे माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या, सामानाच्या मागे आणि भाड्याची गाडी मिळत नाही. पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पिशवीत काय राहिले ते पाहत बसू नका. आहे तसे उचला, १०८ ला फोन करा आणि निघा. पिशवी आधी भरायची ती यासाठीच.

आरोग्य खात्याकडे माझी एक साधी मागणी आहे. गर्भवतीची नोंद होते तेव्हा कार्डाबरोबर एक पानाची यादी द्यावी. मराठीत आणि कोकणीत द्यावी आणि आपल्याकडे बांधकामावर, मासेमारीवर, हॉटेलांत राबणाऱ्या कुटुंबांतल्या बायकांसाठी हिंदीत आणि कन्नडमध्येही. शक्य असेल तर चित्रांसह. त्यात त्या त्या इस्पितळात काय मिळते, काय घरून आणायचे आणि काय आणायचे नाही, हे स्पष्ट असावे. सातव्या महिन्याच्या तपासणीला सिस्टरांनी एकदा विचारावे, "पिशवी भरली का?" अंगणवाडीतही ही यादी भिंतीवर लागावी. सासू-सुना दोघी तिथे येतात. सासूला सरकारी कागदावर दिसले की ती सुनेचे ऐकते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी मागणी आमच्या बचत गटांसाठी. तामिळनाडूने २०१५ पासून आणि तेलंगणाने २०१७ पासून सरकारी इस्पितळात बाळंत होणाऱ्या आईला बाळाच्या वस्तूंचा संच द्यायला सुरुवात केली. गोव्यात असा संच आमच्या गटांकडून शिवून घेतला, तर गरीब घरातल्या बाळाला मऊ कापड मिळेल आणि वाड्यावरच्या बायकांना घरबसल्या काम मिळेल. बाहेरून घाऊक आणलेले चकचकीत कपडे नकोत. दोन दुपटी, दोन बंदांची झबली, एक टोपडे, सहा लंगोट, आईसाठी पॅड आणि एक पुढून उघडणारा गाऊन एवढेच असले तरी चालेल. कापड मात्र धुतलेले द्यावे.

हा संच करायचा कुठल्याही गटाने ठरवले, तर झबल्याची कागदी कापणी मी विनामूल्य देईन आणि टाके कसे घालायचे ते बसून शिकवीन. कापड कापताना एक ध्यानात ठेवावे, की धुतल्यावर मलमल आटते, म्हणून आधी भिजवून, वाळवून मगच कात्री लावावी आणि बाहीला अर्धा इंच जास्त सोडावा.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, साखळी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)